निशाणी डावा अंगठा

माझे वडील पोस्टमन होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी ३१ वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. गावातल्या काही वाड्यांत त्यांच्या हातून पत्र कुणी घेत नसे. पत्र ओट्यावर ठेवायचं, दोन पावलं मागं सरायचं, मग आतून कुणीतरी येऊन ते उचलायचं. मनिऑर्डर आली की मात्र हा शिरस्ता अडायचा. पैसे मोजून द्यावे लागत, फॉर्मवर सही घ्यावी लागे, आणि ज्यांना सही येत नसे त्यांचा अंगठा. अंगठा नुसता टेकवला तर डाग पडतो, रेषा उमटत नाहीत. तो धरून शाईच्या पॅडवर दाबावा लागतो आणि मग कागदावर हलकेच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फिरवावा लागतो.

एका वाड्यातल्या आजींना त्यांचा मुलगा मुंबईहून दर महिन्याला पैसे पाठवायचा. एरवी ओट्यावरून पत्र उचलणाऱ्या त्या आजी मनिऑर्डरच्या दिवशी मुकाट्यानं डावा हात पुढं करायच्या. अण्णा त्यांचा अंगठा धरायचे. शेजारचा कुणीतरी साक्षीदार म्हणून सही करायचा, आणि अण्णा शेजारी लिहायचे : ‘निशाणी डावा अंगठा’. पैसे कनवटीला लावून आजी न्हाणीत हात धुवायला जायच्या. पाण्याचा आवाज बाहेर यायचा. हे अण्णांनी मला एकदाच सांगितलं, मी अकरावीत असताना. पुन्हा कधी विषय काढला नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात, अमेरिकेत, ऑस्टिनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलेली माझी मुलगी मला म्हणाली, “बाबा, मी आजोबांच्या मनिऑर्डरवर लिहू का?”

ती लॉ स्कूलचे अर्ज भरत होती. एलसॅट या प्रवेश परीक्षेचे गुण, कॉलेजचे गुण, शिफारसपत्रं, दोन पानांचं पर्सनल स्टेटमेंट, आणि त्याखेरीज एक छोटा निबंध. या निबंधाला अगदी आत्ताआत्तापर्यंत सरळ ‘डायव्हर्सिटी स्टेटमेंट’ म्हणायचे. आता प्रश्न वळणानं विचारतात. तुम्हाला कोणत्या अनुभवानं घडवलं? तुम्ही आमच्या वर्गात काय घेऊन याल? मी तिला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. विचार करू म्हणालो. तो विचार पुढचे कित्येक आठवडे सुटला नाही, म्हणून हा लेख.

प्रश्नाला हे वळण कुठून आलं, ते आधी सांगतो. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत निकाल दिला. प्रवेश देताना अर्जदाराच्या वंशाचा विचार करणं घटनेला धरून नाही, असं सहा न्यायमूर्तींनी ठरवलं. खटले पदवी कॉलेजच्या प्रवेशाचे होते, पण नियम सगळ्यांना लागू झाला, लॉ स्कूललाही. मात्र सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालाच्या शेवटी एक खिडकी उघडी ठेवली : वंशामुळं आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्यानं स्वतः निबंधात लिहिलं तर विद्यापीठानं ते वाचायला हरकत नाही. तो भेदभाव असो, प्रेरणा असो. पण त्याचं मोल त्या एकट्या मुलाच्या धैर्याशी किंवा जिद्दीशी जोडलेलं असलं पाहिजे.

म्हणजे अर्जावरचा वंशाचा चौकोन झाकला गेला आणि निबंध तेवढा उरला. आज शिकागोच्या दक्षिण भागातल्या किंवा ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डातल्या कृष्णवर्णीय मुलाला आपल्या घराण्यानं जे सोसलं ते दोन पानांत, नीटनेटक्या इंग्रजीत, शेवटी उमेद वाटेल अशा बेतानं मांडावं लागतं. आणि माझ्या घरात माझी मुलगी विचारत होती, की आजोबांच्या हातातला तो अंगठा ती त्याच कामासाठी वापरू शकते का.

चौकोनाचीही एक गोष्ट आहे. तिच्या अर्जात ती ‘एशियन’. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारा, आडनाव ऐकून क्षणभर थांबणारा आणि मग “मूळ गाव कुठलं?” विचारणारा माणूसही ‘एशियन’, त्याचा मुलगाही ‘एशियन’. चीन, कोरिया, फिलिपीन्स, पाकिस्तान, नेपाळ सगळे त्यातच. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी २०२३ च्या त्याच निकालात स्वतंत्रपणे लिहिलं, की या एका शब्दात जगाची जवळपास ६० टक्के लोकसंख्या कोंबलेली आहे. त्यांच्या बाकीच्या म्हणण्याशी मी सहमत नाही, पण हे वाक्य वाचून मी खुर्चीत नीट बसलो. ज्या ओळखीसाठी अण्णांना दोन पावलं मागं सरावं लागलं, तिला अमेरिकेच्या अर्जात रकानाच नाही.

स्वेट हे नाव मला कळलं ते ज्युरी ड्युटीमुळं. इथं खटल्याचा निवाडा करायला साध्या नागरिकांना कोर्टात बोलावतात. नागरिकत्व मिळाल्यावर काही वर्षांनी बोलावणं आलं. नोटिशीवर पत्ता होता : हेमन मॅरियन स्वेट ट्रॅव्हिस काउंटी कोर्टहाउस, ग्वाडलूप स्ट्रीट. मला वाटलं, कुणी जुने न्यायाधीश असतील. दावा अपघाताच्या भरपाईचा होता. दावा लावणारी बाई कृष्णवर्णीय, पन्नाशीची, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. तिचा वकील गोरा, समोरचा वकील गोरा, न्यायाधीश गोरे. आम्ही तीस-बत्तीस जण बाकांवर होतो, त्यात कृष्णवर्णीय मी मोजले ते दोन. ती बाई सारखी मागं वळून आमच्या रांगांकडं बघत होती. कुणाला शोधत होती ते मला लगेच कळलं. मराठवाड्यातल्या जिल्हा कोर्टात मी चार वर्षं ज्युनिअर म्हणून काढली आहेत. पक्षकार कोर्टात शिरला की आधी चेहरे वाचतो. इथं आपलं कोण, ते बघतो.

माझी निवड झाली नाही. दुपारी घरी आलो आणि त्या नावाचा शोध घेतला. हेमन मॅरियन स्वेट न्यायाधीश नव्हते. ते ह्यूस्टनचे पोस्टमन होते.

खात्यात कृष्णवर्णीयांना टपाल वाटण्यापलीकडं, कारकुनी बढती मिळू देत नाहीत, याविरुद्ध सहकाऱ्यांसाठी लढताना त्यांना कायद्याची गोडी लागली. २६ फेब्रुवारी १९४६ रोजी, ३३ वर्षांचे असताना, ते ऑस्टिनला टेक्सस विद्यापीठात गेले आणि लॉ स्कूलमध्ये प्रवेश मागितला. गुणपत्रिका हातात होती, पात्रतेत काही कमी नव्हतं. नकाराचं कारण एकच : वंश. स्वेट कोर्टात गेले. ऑस्टिनच्या न्यायाधीशानं सरकारला सहा महिने दिले, तेवढ्यात कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल काढा म्हणून. सरकारनं कॅपिटॉलजवळ, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीजवळ, तेराव्या रस्त्यावर एका इमारतीचं तळघर घेतलं, टेक्सस विद्यापीठातलेच काही प्राध्यापक तिथं फावल्या वेळात येऊन शिकवतील असं ठरवलं, आणि सांगितलं, झालं तुमचं लॉ स्कूल. स्वेट यांनी तिथं नाव घातलं नाही.

जेवणाच्या सुटीत एकदा मी त्या रस्त्यावर जाऊन आलो. बघण्यासारखं काही नाही. कचेऱ्या, मोटारी, कडक ऊन. तरी थोडा वेळ उभा राहिलो. तळघराचं लॉ स्कूल कसं असेल याची कल्पना करायला मला फार कष्ट पडत नाहीत. आमच्या तालुक्याच्या समाजकल्याणच्या वसतिगृहात अभ्यासिका म्हणून जी खोली होती, तिला खिडकी नव्हती.

स्वेट यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल यांनी लढवला. ५ जून १९५० रोजी निकाल लागला, एकमतानं. आपली राज्यघटना तेव्हा चार महिन्यांची होती. न्यायालयानं आधी साधी मोजणी केली. टेक्सस विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ८५० विद्यार्थी, ६५,००० पुस्तकं. तोवर ह्यूस्टनला नेलेल्या नव्या स्कूलमध्ये ५ प्राध्यापक, २३ विद्यार्थी, साडेसोळा हजार पुस्तकं. पण सरन्यायाधीश फ्रेड विन्सन तिथं थांबले नाहीत. मोजता येत नाहीत अशा गोष्टींकडं वळले : प्राध्यापकांचा नावलौकिक, जुन्या विद्यार्थ्यांचा दबदबा, परंपरा. आणि मग ते लिहितात, की या वेगळ्या स्कूलमध्ये राज्यातल्या ८५ टक्के लोकांना प्रवेश नाही, आणि उद्या स्वेट ज्यांच्यासमोर उभे राहणार ते वकील, साक्षीदार, ज्युरी, न्यायाधीश बहुतेक त्या ८५ टक्क्यांतले आहेत. त्यांच्यापासून तोडून कायदा शिकवता येत नाही.

हा युक्तिवाद मला आजवर वाचलेल्या सगळ्या युक्तिवादांत खरा वाटतो. वकिली ही माणसांच्या मधोमध उभं राहून करायची गोष्ट आहे. पॅथॉलॉजिस्टला एक वेळ रुग्णाचा चेहरा न पाहता काम करता येईल. वकिलाला समोरच्यानं आधी बोलू द्यावं लागतं, आणि माणूस आपली लाज कुणासमोर उघडी करतो हे त्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

स्वेट यांचं पुढं काय झालं, ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. सप्टेंबर १९५० मध्ये ते वर्गात बसले. चार वर्षांच्या खटल्यानं प्रकृती पार खचली होती, पोटात अल्सर झाले होते. त्यात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, अनेक आठवडे बुडाले, संसार मोडला. १९५२ मध्ये पदवी न घेताच त्यांनी लॉ स्कूल सोडलं. नंतर अटलांटाला समाजकार्याची पदवी घेतली आणि अर्बन लीग या संस्थेत आयुष्यभर काम केलं. ज्या कोर्टात ते पहिल्या फेरीत हरले, त्याच कोर्टाच्या इमारतीला २००५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी. दार उघडणाऱ्याला आत राहता येतंच असं नाही. मिसूरीच्या लॉ स्कूलविरुद्ध १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलेले लॉइड गेन्स यांच्या वाट्याला तर वर्गसुद्धा आला नाही. १९ मार्च १९३९ च्या रात्री शिकागोत, टपालाची तिकिटं घेऊन येतो म्हणून ते बाहेर पडले. परत आले नाहीत. त्यांचं काय झालं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मिसूरी विद्यापीठानं २००६ मध्ये त्यांना कायद्याची मानद पदवी दिली.

आता त्याच टेक्ससच्या लॉ स्कूलची दुसरी गोष्ट. १९९२ मध्ये शेरिल हॉपवुड नावाच्या गोऱ्या तरुणीला तिथं प्रवेश नाकारला गेला. एलसॅट आणि कॉलेजचे गुण मिळून तिथं एक निर्देशांक काढत. त्या वर्षी मार्चमध्ये प्रवेश जवळपास पक्का मानायचा आकडा गोऱ्यांसाठी १९९ होता, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकनांसाठी १८९. या दोन गटांच्या अर्जांसाठी वेगळी उपसमितीही होती. हे वाचताना मला काहीच परकं वाटलं नाही. ओपनची यादी, कॅटेगरीची यादी, दोन कट-ऑफ. हॉपवुड यांच्याबद्दल मला राग नाही. गंभीर आजारी मुलाला सांभाळत त्या शिकायला निघाल्या होत्या. पण १९९६ मध्ये फेडरल अपील न्यायालयानं त्यांच्या बाजूनं दिलेल्या निकालाचा परिणाम असा झाला, की १९९७ च्या पहिल्या वर्षात त्या लॉ स्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी उरले चार. त्याच वर्षी, प्रवेशात वंशाचा विचार असाच बंद झालेल्या कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या लॉ स्कूलच्या सुमारे २७० जणांच्या वर्गात एकच होता, आणि त्याचाही प्रवेश आदल्या वर्षीचा. नव्यानं निवड झालेल्या १४ कृष्णवर्णीयांपैकी एकानंही पाऊल ठेवलं नाही.

त्या एकट्या मुलाचा मी खूप विचार करतो. प्राध्यापक वंशभेदाच्या खटल्यावर आले की सगळ्यांच्या नजरा कुणाकडं वळत असतील?

मला ते ठाऊक आहे. आमच्या लॉ कॉलेजात पहिल्या दिवशी नोटीस बोर्डावर यादी लागली होती : अनुक्रमांक, नाव, गुण, कॅटेगरी. टाइपरायटरवर काढलेली, निळसर कार्बनची प्रत. माझ्या नावासमोर एस.सी. मागं उभा असलेला मुलगा बोट फिरवत फिरवत माझ्या ओळीवर आला, गुण वाचले, रकाना वाचला, आणि “अच्छा” म्हणाला. बाकी काही नाही. त्या ‘अच्छा’नं पुढची पाच वर्षं मला पहाटे चारला उठवलं. मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यात, मी जिंकलो तेव्हा परीक्षक असलेले ज्येष्ठ वकील म्हणाले, “तुम्ही तसे वाटत नाही.” ते कौतुकानं म्हणाले होते.

म्हणून न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांची एक गोष्ट मला आतून समजते. ते येल लॉ स्कूलचे पदवीधर, १९७४ चे. मोठमोठ्या फर्ममध्ये मुलाखतींना गेले तेव्हा समोरच्यांच्या डोळ्यांत शंका दिसायची : हा वंशामुळं आत गेला असणार. त्यांनी सिगारच्या पाकिटावरचा १५ सेंटचा स्टिकर सोलून पदवीच्या चौकटीवर चिकटवला. तेवढीच तिची किंमत, असं मानून. पुढं न्यायमूर्ती झाल्यावर त्यांनी अशा प्रवेशांच्या विरोधात सातत्यानं मत दिलं. त्याच येलच्या १९७९ च्या पदवीधर सोनिया सोटोमायोर, ब्राँक्समधल्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या, उघडपणे सांगतात की अफर्मेटिव्ह ॲक्शननं, म्हणजे मागे ठेवलेल्या गटांचा प्रवेशात खास विचार करण्याच्या धोरणानं, मला शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेपर्यंत आणलं. २०२३ मध्ये दोघं एकाच न्यायासनावर होते आणि त्यांनी एकमेकांविरुद्ध पानंच्या पानं लिहिली. थॉमस यांना जे टोचलं ते खरंच टोचतं. पण माझा त्यांना प्रश्न आहे. अपमान करणारा माणूस समोर बसला होता. दोष चौकटीतल्या कागदाला का द्यायचा? यादी नसती तर तो ‘अच्छा’ म्हणणारा मुलगा मला वर्गात भेटलाच नसता. मी गावी, तहसीलसमोरच्या झाडाखाली, दुसऱ्यांचे अर्ज लिहून देत बसलो असतो.

गुणांच्या तराजूबद्दलही एक सांगायला हवं. मिशिगन लॉ स्कूलमधून १९७० ते १९९६ या काळात बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास झाला. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांचे प्रवेशाच्या वेळचे गुण गोऱ्यांहून कमी होते. पण पुढं मिळकत, कामातलं समाधान आणि समाजासाठी दिलेला वेळ पाहिला तर ते कुठं मागं नव्हते. प्रवेशाच्या गुणांवरून पुढच्या यशाचा अंदाजच बांधता येत नव्हता. याच्या उलट मांडणीही आहे. रिचर्ड सँडर या प्राध्यापकांनी २००४ मध्ये लिहिलं, की झेपत नाही अशा स्कूलमध्ये गेल्यानं कृष्णवर्णीय मुलं मागं पडतात, वकिलीच्या परवान्याच्या बार परीक्षेत नापास होतात. त्यावर बरेच वाद झाले, त्यांच्या आकडेमोडीला उत्तरं दिली गेली. मी आकडेशास्त्राचा माणूस नाही. पण ‘यांना झेपणार नाही’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की ते म्हणणाऱ्याकडून मी दुप्पट पुरावा मागतो.

मला खरी सल आहे ती १९७८ ची. त्या वर्षीच्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्यात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या १०० पैकी १६ राखीव जागांच्या खटल्यात, न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी जे लिहिलं त्यावर पुढची ४५ वर्षं सगळं उभं राहिलं. समाजानं केलेल्या जुन्या अन्यायाची भरपाई म्हणून जागा देता येणार नाहीत, असं ते म्हणाले. राखीव जागाही नाहीत. मात्र वर्गात विविधता असली तर सगळ्यांच्याच शिक्षणाला फायदा होतो, तेवढ्यापुरता वंशाचा विचार करता येईल. ज्यांनी स्वेट यांचा खटला लढवला ते थर्गुड मार्शल तोवर त्याच न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्यांनी वेगळं मत लिहिलं, गुलामगिरीपासूनचा सगळा हिशेब मांडला आणि विचारलं, की ज्या घटनेनं दोनशे वर्षं हा भेदभाव चालू दिला, तीच आता तो भरून काढायच्या आड येते, हे कसं मानायचं? त्यांचं ऐकलं गेलं नाही.

तेव्हापासून कृष्णवर्णीय मुलाच्या जागेचं कारण बदललं. त्याचं काही देणं लागतो, म्हणून ती जागा राहिली नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाला वेगळा दृष्टिकोन ऐकायला मिळावा, यासाठी झाली. २००३ मध्ये मिशिगन लॉ स्कूलच्या ग्रटर खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी हेच कारण पाच विरुद्ध चार मतांनी टिकवलं आणि त्याला मुदतही घातली : २५ वर्षांनी याची गरज पडू नये. त्या खटल्यात पुढं आलेला अंदाज असा, की वंशाचा विचार केला नसता तर २००० सालच्या वर्गात मागास अल्पसंख्याक १४.५ टक्क्यांऐवजी ४ टक्के असते. मुदत संपायला पाच वर्षं असतानाच २०२३ चा निकाल आला. फायद्याच्या पायावर उभी केलेली गोष्ट ‘फायदा मोजून दाखवा’ म्हटल्यावर ढासळते. देण्याच्या पायावर उभी असती, तर देणं फिटलं का, हा प्रश्न विचारावा लागला असता.

आपल्याकडं हा पाया वेगळा घातला गेला. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, की काही समाजांना आजवर प्रशासनात शिरकावच मिळालेला नाही, त्यांच्यासाठी ही तरतूद आहे; आणि समान संधीचं तत्त्व टिकायचं तर राखीव जागा निम्म्याहून कमी असल्या पाहिजेत. आपल्या व्यवस्थेत शंभर उणिवा आहेत, खोटी प्रमाणपत्रं आहेत, रिकाम्या ठेवलेल्या जागा आहेत. पण कारण घटनेत लिहिलेलं आहे. मला लॉ कॉलेजात जागा मिळाली ती ओपनच्या मुलांना माझ्याकडून जातीचे अनुभव ऐकता यावेत म्हणून मिळाली नव्हती. ती माझी होती.

ही दोन टोकं जोडणारं एक पत्रही आहे. १९४६ च्या जुलैत, स्वेट यांच्या अर्जानंतर पाचेक महिन्यांनी, बाबासाहेबांनी मुंबईहून अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलं. कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडं गेलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे, की तुमचा अभ्यास करणं आम्हाला आवश्यकच आहे, असं त्यांनी कळवलं. ड्यू बॉइस यांचं उत्तर महिना संपायच्या आत निघालं.

आणि या देशात आम्हा भारतीयांना पाय ठेवू देणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला तो नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला नसता, तर राष्ट्रावर ठरणारा कोटा मोडला असता का, मला शंका आहे. त्या लढ्यात लाठ्या खाल्लेल्यांच्या नातवंडांना वर्गाबाहेर ठेवणाऱ्या खटल्यात ‘एशियन मुलांवर अन्याय’ हे कारण पुढं केलं गेलं. मंडळातल्या एका गृहस्थांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाकलं : “आता आपल्या मुलांचा मार्ग मोकळा.” खाली अंगठ्यांची रांग. मी काहीच लिहिलं नाही, आणि ते न लिहिणं मला आजही खटकतं.

निकालाच्या पुढच्या वर्षीचा, २०२४ चा, आकडा असा : हार्वर्ड लॉ स्कूलच्या साडेपाचशेच्या वरच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी १९. आदल्या वर्षी ४३ होते. देशभरातली एकूण संख्या मात्र घटली नाही, किंचित वाढलीच. मुलं लॉ स्कूलला जातायत. ज्या स्कूलमधून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती निवडले जातात, तिथली दारं त्या वर्षी अरुंद झाली. आज अमेरिकेतल्या वकिलांत कृष्णवर्णीय सुमारे ५ टक्के आहेत. लोकसंख्येत १३.

हे सगळं मी मुलीला एकाच रात्री सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यानं, तिला कॉलेजला सोडताना, भांडी लावताना. तिनं एकदा विचारलं, “मग मी लिहिलं तर ते चूक आहे का?” मी म्हणालो, “चूक नाही. पण मला कसंतरी होतं.” ती म्हणाली, “मलाही.”

नोव्हेंबरात तिनं निबंध दाखवला. उन्हाळ्यात ती एका संस्थेतर्फे इथल्या घर खाली करायला लावण्याच्या दाव्यांच्या कोर्टात भाडेकरूंना फॉर्म भरून द्यायला बसायची. त्यावर लिहिला होता. एकेका कुटुंबाचं प्रकरण काही मिनिटांत निकाली निघतं. घरमालकाकडं वकील असतो, भाडेकरूकडं बहुधा कुणी नसतं. आणि एक वयस्कर कृष्णवर्णीय माणूस तीनदा तिच्या टेबलाजवळ येऊन न बोलता परत गेला, चौथ्यांदा बसला. तो तीनदा का परत गेला, याचं उत्तर आपल्याकडं नाही, एवढंच तिनं लिहिलं होतं. अण्णांबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

त्या रविवारी तिनं अण्णांना फोन लावला. स्पीकरवर. “जय भीम, आजोबा.”

“जय भीम, बाळा. झाले का तुझे फारम भरून?”

“झाले. आजोबा, त्या आजींबद्दल विचारू? मनिऑर्डरवाल्या.”

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. मग अंगठा कसा घ्यायचा ते तिला सांगू लागले. पॅड फार ओलं नसावं. नुसता टेकवायचा न्हाई, फिरवायचा. म्हाताऱ्या माणसाच्या रेषा झिजलेल्या असतात, त्याला बेतानं दाबावं लागतं, दुखतं. ती टेबलावर स्वतःचा अंगठा फिरवून बघत होती.

“त्या कधी काही बोलल्या तुमच्याशी?”

“एकदा बोलली. तुझा बाप तवा कॉलेजात होता. विचारली, पोरगं काय शिकतंय. म्हटलं, वकिली.”

“मग?”

“मग काय. पैसे मोजून घेतली.” अण्णा खोकले. “त्या दिवशी हात धुवायला गेली न्हाई. का की शाई वाळली असंल.”